कारवारच्या वाळूवरची युद्धनौका

बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीत मराठी घरं बरीच आहेत. पुण्याची, कोल्हापूरची, सोलापूरची, नागपूरची. जोडून सुट्टी आली आणि समुद्राची आठवण झाली की सगळ्यांच्या तोंडी दोनच नावं येतात, गोवा आणि गोकर्ण. या दोहोंच्या मधे कारवार आहे आणि ते बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं असतं. हायवेच्या कडेला, थेट किनाऱ्यावर, एक करडी युद्धनौका उभी दिसते. "अगं, जहाज बघ!" म्हणेपर्यंत काळी नदीचा पूल येतो आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत गोव्याची हद्द लागते. ते जहाज आत शिरून बघता येतं. शिवाय ते जिथे उभं आहे तिथून आठ-दहा किलोमीटरच्या टापूत मुंबईचा, गोव्याचा आणि शिवकाळाचा इतिहास पाण्यावर घडलेला आहे. त्यासाठी कारवारला मुद्दाम जावं, वाटेत थांबल्यासारखं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या भागातल्या मुलांना पाण्याची ओळख बेळ्ळंदूर तलावामुळे झाली. बंगळूरमधला हा सर्वात मोठा तलाव. २०१५ मध्ये त्याचा फेस रस्त्यावर उडत होता, २०१७ आणि २०१८ मध्ये तर तलावालाच आग लागली. पाणी म्हणजे नाक दाबून पलीकडे जाण्याची गोष्ट, अशी समजूत घेऊन एक पिढी वाढते आहे. माझ्या लेकीला जिवंत समुद्र दाखवायचा होता. नुसती वाळू आणि लाटा नव्हेत. समुद्रावर माणसं काय काय करतात, कशी जगतात, कशी लढतात तेही दाखवायचं होतं. म्हणून कारवार.

रस्त्याने तुमकूर, हुबळी, यल्लापूर, अंकोला असं जायचं तर पाचशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. रेल्वेने जाणं मला जास्त आवडतं. बंगळूरहून संध्याकाळी पंचगंगा एक्सप्रेस निघते आणि सकाळी कारवारला पोचवते. बेळ्ळंदूरहून मॅजेस्टिकच्या स्टेशनवर वेळेत पोचणं हाच या प्रवासातला अवघड टप्पा. रिंग रोडची गर्दी धरून दोन तास हाताशी ठेवावेत. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी सकलेशपूरचा घाट उतरू लागते. सकलेशपूर ते सुब्रमण्य रोड हा ५५ किलोमीटरचा घाट, त्यात ५७ बोगदे आणि उतार इतका तीव्र की ५० मीटर पुढे गेलं की रूळ मीटरभर खाली आलेला असतो. रात्रीच्या काळोखात हे सगळं फक्त ऐकू येतं. दिवस उजाडतो तेव्हा खिडकीबाहेर नारळ, खाजण आणि खाड्या असतात. होन्नावरला शरावतीवरचा पूल येतो. दोन किलोमीटरहून लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब पूल. त्या वेळी झोपून राहू नका.

कारवारचं स्टेशन गावाबाहेर शिरवाडला आहे. रिक्षावाल्याने आमचं मराठी ऐकलं आणि मागे वळून विचारलं, "तुमी खंयचे?" बंगळूर म्हटल्यावर तो हसला, "न्हय, मूळ खंयचे?" मग साताऱ्याचं नाव निघालं आणि गावात पोचेपर्यंत त्याच्या कोकणीत आणि माझ्या मराठीत अडखळल्याशिवाय गप्पा झाल्या. याला इतिहास आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होईपर्यंत मुंबईकडेच होता. जवळजवळ शंभर वर्षं इथल्या शाळा-कचेऱ्यांचं तोंड मुंबईकडे होतं. घरात कोकणी, कचेरीत कन्नड आणि भजनात-नाटकात मराठी अशी वाटणी जुन्या माणसांकडे अजून ऐकायला मिळते. महाराष्ट्राच्या सीमादाव्यात कारवारचं नाव आजही आहे. तो वाद कोर्टात काय लागायचा तो लागो, पण हॉटेलात, बाजारात, देवळात मराठी माणसाला परकं वाटत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते.

आता जहाजाकडे येऊ. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर उभी असलेली ही 'आयएनएस चपळ' म्हणजे क्षेपणास्त्र-नौका. गावात आणि पर्यटनाच्या लिखाणातही सर्रास सांगितलं जातं, की १९७१ च्या युद्धात हिनेच कराचीवर मारा केला. मुलांना ही गोष्ट सांगण्याआधी खरी हकीकत जाणून घ्यावी, कारण खरी हकीकत जास्त रंजक आहे. 'चपळ' नौदलात दाखल झाली नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर. कराचीवर गेल्या त्या हिच्या थोरल्या बहिणी.

१९६७ च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र-नौकांनी इस्राएलची 'ऐलात' ही विनाशिका बुडवली. एका नौकेने क्षेपणास्त्र सोडून युद्धनौका बुडवण्याची जगातली ती पहिली वेळ. त्या नौका आणि ती क्षेपणास्त्रं सोव्हिएत बनावटीची होती. भारताने त्यानंतर सोव्हिएत संघाकडून याच जातीच्या, पण जरा मोठ्या आठ नौका घेतल्या. त्या आल्या कोलकात्याला, कारण मुंबईत त्यांना जहाजावरून उतरवायला पुरेशा ताकदीची क्रेन नव्हती. तिथून सगळ्या किनाऱ्याला वळसा घालत दोरांनी ओढत त्यांना मुंबईला आणलं गेलं. या नौका बनवल्या होत्या स्वतःच्या किनाऱ्याचं रक्षण करायला. इंधन कमी, पल्ला छोटा. मुंबईहून कराचीपर्यंत जाऊन परत येणं त्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. पण ओढत आणताना नौदलाच्या लक्षात आलं, की याच रीतीने त्यांना शत्रूच्या दारापर्यंतही नेता येईल. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौका कराचीवर चालून गेल्या. कमांडर बब्रूभान यादव त्यांचे प्रमुख होते. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका त्या रात्री बुडाली. दारूगोळा वाहणारं एक मालवाहू जहाजही गेलं. चार दिवसांनी 'विनाश' या एकट्या क्षेपणास्त्र-नौकेने पुन्हा जाऊन कराचीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळतात तो या हल्ल्यामुळे.

हे यश पाहून भारताने त्याच घराण्यातल्या सुधारित आठ नौका मागवल्या. 'चपळ' त्यांतली एक. २००५ च्या मे महिन्यात ती सेवेतून निवृत्त झाली आणि २००६ च्या नोव्हेंबरात कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली.

बाहेरून पाहताना ती फार मोठी वाटत नाही. लांबी ३८.६ मीटर, म्हणजे रेल्वेच्या दोन डब्यांहूनही कमी. रुंदी साडेसात मीटरच्या आसपास, पूर्ण भारासह वजन अडीचशे टनांच्या आत. एवढ्याशा अंगावर दोन्ही बाजूंना मिळून चार जाडजूड नळकांडी बसवलेली आहेत. प्रत्येकात एक क्षेपणास्त्र. एकेकाचं वजन दोन टनांहून जास्त, त्यातला अर्धा टनाच्या घरातला भाग नुसता स्फोटकांचा. पुढे आणि मागे ३० मिलिमीटरच्या जोडतोफा. डेकवर चढलं की पहिल्यांदा जाणवतो तो जागेचा हिशोब. शस्त्राने जागा घेतली, इंजिनाने घेतली, मग जे उरलं ते माणसाला मिळालं. इंजिनं तीन, प्रत्येकी ५६ सिलिंडरांचं आणि सुमारे पाच हजार अश्वशक्तीचं. त्यांच्या जोरावर ही नौका ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळत असे. खवळलेल्या समुद्रात त्या वेगाने जाताना आतल्या माणसांच्या हाडांचं काय होत असेल, याची कल्पना अरुंद जिन्यावरून खाली उतरताना येते. सुमारे तीस माणसं इथे राहत, जेवत, झोपत, आणि हाक आली की क्षणात आपापल्या जागी जात. त्यांच्या जागी आता पुतळे बसवले आहेत, सुकाणूवर, यंत्रांपाशी, बिछान्यावर. पुतळ्यांची कारागिरी साधी आहे, पण माणसाच्या मापाचा देह त्या कोंदट खोलीत बसवला की जागेची अडचण डोळ्यांना पटते. फलकावरच्या आकड्यांनी ती पटत नाही.

माझी लेक सुकाणूच्या खोलीत बराच वेळ उभी राहिली. काचा लहान, समोर फक्त तोफ आणि पाणी. तिने विचारलं, "आई, यांना शत्रू दिसायचा का?" दिसायचा नाही. चाळीसेक किलोमीटरवरच्या जहाजावर क्षेपणास्त्र सुटायचं ते रडारच्या पडद्यावरचा ठिपका बघून. आपण काय बुडवलं हे सोडणाऱ्यांना कित्येकदा नंतर कळायचं. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगणं सोपं नाही, पण युद्धनौकेत आणून मुलांना फक्त तोफेपाशी उभं करून फोटो काढणं मला पटत नाही. इथे प्रश्न पडतात, ते पडू द्यावेत.

नौकेशेजारी आता एक विमानही आलं आहे. तुपोलेव्ह टीयू-१४२, नौदलाचं लांब पल्ल्याचं टेहळणी विमान. १९८८ मध्ये अशी आठ विमानं आली, आधी गोव्याला दाबोळीत आणि पुढे तमिळनाडूतल्या अरक्कोणमला त्यांचा तळ होता. २०१७ च्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली. त्यांतलं एक सुटं करून २०२३ मध्ये कारवारला आणलं आणि पुन्हा जोडलं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पन्नास मीटर. 'चपळ' त्याच्यापुढे लहान दिसते. पाणबुड्या शोधायच्या तर किती दूरवर, किती तास उडत राहावं लागतं हे या आकारावरून समजतं.

या आवारात बहुतेक पर्यटक ज्यापाशी थांबत नाहीत तो पुतळा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, परमवीर चक्र. कारवारजवळच्या चेंडिये गावचा हा माणूस, लष्करात 'बॉम्बे सॅपर्स'चा, म्हणजे आपल्या खडकीच्या पलटणीचा. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवली होती. ८ एप्रिलला काम सुरू करतानाच तोफगोळा पडून त्यांच्या तुकडीतले दोघं गेले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. मांडीत जखम घेऊन राणे ११ तारखेपर्यंत गोळीबारात रस्ता मोकळा करत राहिले. कधी रणगाड्याखाली सरपटत, कधी झाडं सुरुंगाने उडवत. रणगाडे पुढे गेले म्हणून राजौरीकडची वाट लवकर उघडली. परमवीर चक्र स्वतःच्या हयातीत मिळालेले ते पहिले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचा पुतळा २००६ च्या नोव्हेंबरात, संग्रहालयाच्याच वेळी इथे बसला. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबून नाव वाचावं, मुलांना वाचायला लावावं.

राण्यांच्या चेंडियेच्या बाजूलाच आज देशातला एक मोठा नौदल तळ आहे. कारवारच्या दक्षिणेला बैतकोलची टेकडी ओलांडली की हायवेच्या समुद्राकडच्या बाजूला भिंत आणि तारांचं कुंपण सुरू होतं आणि कित्येक किलोमीटर सरत नाही. हाच 'सीबर्ड' प्रकल्प. १९८६ मध्ये पायाभरणी झाली आणि २००५ च्या ३१ मे रोजी 'आयएनएस कदंब' या नावाने तळ कार्यान्वित झाला. मुंबईचं बंदर व्यापारी जहाजांनी गजबजलेलं, नौदलाला हातपाय पसरायला जागा नाही, आणि डोंगर-बेटांच्या आड असलेला असा खोल पाण्याचा उपसागर पश्चिम किनाऱ्यावर दुर्मीळ. म्हणून कारवारची निवड झाली. 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये रशियाहून आली ती थेट इथेच. तळासाठी अरगा, बिणगा, चेंडिये या पट्ट्यातली शेतं आणि किनारे गेले. हजारो कुटुंबं हलवली गेली, त्यांत शेतकरी होते, दर्यावर जाणारे खारवी आणि हरिकंत्र होते. वाढीव भरपाईचे दावे कित्येक वर्षं कोर्टात चालले. देशाला तळ हवा होता, याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवर ओढल्या जात होत्या, त्यांना आता तिथे पाय ठेवायला परवानगी नाही. म्हणूनच या 'चपळ'चं मोल वाढतं. एवढा मोठा तळ उशाशी असून सामान्य कारवारकराला नौदलाच्या ज्या वस्तूंना हात लावता येतो, त्या ही नौका आणि शेजारचं विमान एवढ्याच.

त्या कुंपणाआडच्या पाण्यात अंजदीव आहे. मुंबईकरांना हे बेट ठाऊक असायलाच हवं, आणि शंभरातल्या एकालाही ते ठाऊक नसतं. १४९८ मध्ये वास्को द गामा परतीच्या वाटेवर इथे थांबला होता. गोड्या पाण्याचे झरे असलेलं बेट दर्यावर्द्यांना सोन्याहून मोलाचं. १५०५ मध्ये पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने इथे किल्ला बांधायला घेतला. गोवा त्यांच्या हाती यायला अजून पाच वर्षं होती.

मग १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. ही गोष्ट शाळेत सगळे शिकतात. पुढचा भाग शिकवत नाहीत. मुंबई ताब्यात घ्यायला इंग्रजांचं आरमार १६६२ मध्ये आलं, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेटं देण्याचं साफ नाकारलं. सर अब्राहम शिपमन हा नियोजित गव्हर्नर सुमारे चारशे शिपायांसह अडकून पडला. परत जाण्याची सोय नाही, उतरायला जागा नाही. शेवटी ही माणसं अंजदीवावर उतरली. तिथे पावसाळा, ताप आणि उपासमार यांनी त्यांचा फडशा पाडला. १६६४ मध्ये शिपमनही तिथेच वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने अखेर मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या चारशेंतले जेमतेम शंभराच्या आसपास जिवंत होते. मुंबईवरचा इंग्रजी अंमल सुरू होण्याआधी त्याची किंमत कारवारसमोरच्या या खडकावर मोजली गेली.

याच फेब्रुवारीत, १६६५ मध्ये, शिवाजी महाराज या किनाऱ्यावर होते. मालवणहून ८५ गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन ते बसरूरवर गेले. परत येताना गोकर्णाला दर्शन झालं, मग अंकोला, मग कारवार. कारवारात तेव्हा इंग्रजांची वखार होती, १६३८ पासून चालत आलेली. महाराजांनी गावाकडून खंडणी मागितली आणि इंग्रज व्यापाऱ्यांनाही त्यांचा वाटा द्यावा लागला. एकाच महिन्यात, एकाच किनाऱ्यावर, इंग्रजांच्या हाती मुंबई येते आहे आणि त्याच इंग्रजांची कारवारची वखार मराठ्यांच्या आरमाराला पैसे मोजते आहे. मला हा योग विलक्षण वाटतो.

अंजदीव पोर्तुगीजांकडेच राहिलं, थेट १९६१ पर्यंत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जवळून जाणाऱ्या भारतीय जहाजावर आणि मच्छीमारांवर बेटावरून गोळीबार झाला, त्यात एक मच्छीमार गेला. गोव्यावर लष्करी कारवाई करण्याच्या निर्णयाला या घटनेनेही जोर आला. १८ डिसेंबरला 'त्रिशूळ' या युद्धनौकेवरचे नौसैनिक बेटावर उतरले. 'म्हैसूर' ही क्रूझर मदतीला होती. सात भारतीय नौसैनिक या लढाईत मारले गेले. आज बेट तळाच्या आत आहे, लांबलचक बांधाने जमिनीला जोडलेलं. वर पोर्तुगीजांचं जुनं चर्च आहे. सामान्य माणसाला तिथे जाता येत नाही. वर्षातून एखादा दिवस तरी, नोंदणी करून, तपासणी करून, लोकांना तिथे नेण्याची सोय नौदलाने करावी. मुंबईच्या शाळांच्या सहली एलिफंटाला जातात तशा इथेही याव्यात, इतकं हे बेट आपल्या इतिहासाशी जोडलेलं आहे.

किनाऱ्यावरून समोर दिसतात ती बेटं वेगळी. देवगडच्या खडकावर १८६४ पासून दीपस्तंभ आहे. कुर्मगडावर नरसिंहाचं देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. माणसं होड्यांनी जातात. २०१९ च्या जत्रेत परतताना एक होडी उलटली आणि सोळा जण बुडाले. होडीवाला कितीही ओळखीचा असो, लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय आणि होडी भरगच्च असताना बसू नका.

संध्याकाळी किनाऱ्यावर रवींद्रनाथांच्या नावाची पाटी बघून लेकीने विचारलं, ते इथे कसे? त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय. सी. एस. अधिकारी. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि तुकारामांच्या अभंगांचा त्यांनी बंगालीत अनुवाद केला. ते कारवारला जिल्हा न्यायाधीश होते तेव्हा, १८८३ मध्ये, बावीस वर्षांचे रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले. चांदण्या रात्री होडीने काळी नदीत वर जाणं आणि परतताना वाळूवरून चालत घरी येणं त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथे लिहिलं. तो निवांत किनारा आज बराच बदलला आहे. एका बाजूला चौपदरी हायवे, दुसऱ्या बाजूला बंदर. तरीही सूर्य बेटांच्या मागे उतरू लागतो तेव्हा वाळूवर गर्दी फार नसते, आणि गोव्यातून येणाऱ्याला तर ही शांतता फारच जाणवेल.

सकाळी लवकर गेलं तर आणि नशीब असेल तर रापण ओढताना बघायला मिळते. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत फिरते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा दोर ओढत मागे सरकत जातात. जाळं शेकडो मीटर लांब. ते किनाऱ्याला लागायला तास-दोन तास जातात. आलेल्या मासळीचे वाटे होतात, होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. मालवण ते कारवार हा सगळा किनारा कधीकाळी या रापणीवर जगला. सत्तरच्या दशकापासून ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली आणि किनाऱ्याजवळ येणाऱ्या बांगड्यांचे थवे खोल पाण्यातच उचलले जाऊ लागले. रापण ओढायला गाव लागतं, ट्रॉलरला मोजकी माणसं पुरतात. 'चपळ'च्या शेजारी एखादी जुनी रापणीची होडी, जाळं आणि त्याची माहिती मांडली असती तर हे संग्रहालय पूर्ण झालं असतं. समुद्राचं संग्रहालय फक्त लढाईचं असू नये.

मासळीचा विषय निघाला म्हणून सांगते, बाजाराजवळच्या साध्या खानावळीत जेवा. उकडा भात, बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी, तळलेली लेपी किंवा नगली, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. तिरफळाचा झणका जिभेवर राहतो. लेकीला काट्यांची धास्ती होती. वाढणाऱ्या मावशींनी तिच्या ताटापाशी बसून बांगडा कसा सोडवायचा ते दाखवलं, "हांगा धर आनी उकल." त्यानंतर तिने दुसरा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी काळी नदी ओलांडून सदाशिवगडावर जावं. १७१५ च्या सुमारास सोंदेकरांनी बांधलेला हा किल्ला. पुढे पोर्तुगीज आले, इंग्रज आले. हायवे त्याच डोंगराला कापून गेला आहे, त्यामुळे तटबंदी फार उरलेली नाही. पण दुर्गादेवीचं देऊळ आहे, जवळच दर्गा आहे, आणि वरून नदीचं मुख, पूल, गाव आणि बेटं असं सगळं एका नजरेत दिसतं. कारवारला समुद्राने आणि नदीने काय दिलं ते इथून कळतं. नदीवरचा जुना पूल २०२४ च्या ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर कोसळला. वर असलेला ट्रक नदीत पडला, चालकाला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवलं. आता वाहतूक नव्या पुलावरून चालते.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किनारा खवळलेला असतो, होड्या बंद असतात, आणि २०२४ च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर डोंगर कोसळला होता, हे रस्त्याने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रविवारचा आठवडी बाजार बघण्यासारखा असतो, त्या बेताने दिवस धरा. संग्रहालयाची वेळ त्या दिवशी गावात विचारून घ्या आणि मुलांसाठी निदान दोन तास ठेवा. गोकर्णाहून गोव्याकडे जाणाऱ्यांना तर वेगळी वाट करायला नको. काळीचा पूल येण्याआधी गाडी डावीकडे लावा, आधी राणे यांच्या पुतळ्यापाशी जा आणि मग नौकेवर चढा.